मागची काच वेगळी उघडते का? मुंबईकरांसाठी वापराची रीत

एसयूव्हीच्या माहितीपत्रकात सनरूफ असतं, स्क्रीन किती इंचांची ते असतं, सीटच्या शिलाईचा रंगसुद्धा असतो. मागची काच दारापासून वेगळी उघडते की नाही, हे मात्र शोधून सापडत नाही. मुंबईत सनरूफ पावसाळ्यात पाण्यामुळे बंद आणि मे महिन्यात उन्हामुळे बंद. मागची काच वेगळी उघडत असेल तर ती रोजच्या कामाला येते, कारण या शहरात गाडीच्या मागे मोकळी जागा हीच सगळ्यात दुर्मिळ गोष्ट आहे. नवी गाडी घेणाऱ्यांसाठी, आणि घेतली आहे पण ते बटण कधी दाबलंच नाही अशांसाठीही, हे क्रमाने लिहितो आहे.

पहिलं काम: आपली काच नेमकी कशी उघडते ते पाहा

'काच उघडते' या दोन शब्दांवर विसंबू नका. बाजारात चार तऱ्हा आहेत.

बहुतेक गाड्यांत काच मागच्या दारातच पक्की बसवलेली असते. फॉर्च्युनरचं दार काचेसकट वर जातं. जिमनी, स्कॉर्पिओ-एन आणि जुन्या इकोस्पोर्टचं काचेसकट बाजूला उघडतं. या गाड्यांना ही सोय नाही, विषय संपला.

दुसरी तऱ्हा फसवी आहे. काच वर आणि दार बाजूला, असे दोन वेगळे भाग दिसतात, म्हणून आपण खूश होतो. पण जीप रँग्लरच्या हार्डटॉपमध्ये, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीत, आधी दार उघडावं लागतं, मगच काच वर जाते. म्हणजे दारासाठी मागे जागा नसेल तर काचही गेली. हार्डटॉप थारची रचनाही काच वर, दार बाजूला अशीच दोन भागांची. अशी कुठलीही गाडी बघायला गेलात की शोरूममधला मुलगा दोन्ही भाग झोकात उघडून दाखवतो. त्याला थांबवा, दार पुन्हा लावायला सांगा आणि म्हणा, "आता दाराला हात न लावता फक्त काच उघडून दाखवा." या एका वाक्याने सगळा उलगडा होतो.

तिसरी तऱ्हा म्हणजे खरी सोय: दार बंद, काच मोकळी. जुन्या टोयोटा प्राडोचं मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यातली काच स्वतंत्रपणे वर जाते. होंडा सीआर-व्हीच्या दुसऱ्या पिढीत आणि ह्युंदाई टूसॉनच्या पहिल्या पिढीतही ही काच होती. आपल्याकडे या गाड्या आता जुन्या बाजारातच मिळतात, त्याबद्दल शेवटी बोलू.

चौथी आपल्या रस्त्यांवर दिसत नाही, पण अमेरिकेतला मावसभाऊ व्हिडिओ पाठवतो म्हणून सांगतो. टोयोटा फोररनरची मागची काच वर जात नाही, बाजूच्या खिडकीसारखी खाली दाराच्या पोटात उतरते, तीही पुढे बसून बटण दाबलं की. ही गाडी भारतात कंपनीने अधिकृतपणे विकलेली नाही. त्याला अंगठा पाठवा आणि पुढे वाचा.

रेंज रोव्हरचं वर-खाली दुभंगणारं दार १९७० पासून प्रसिद्ध आहे, पण तिथे वरचा अर्धा भाग हा दाराचाच भाग असतो. बसून चहा प्यायला छान. ही काच ती नव्हे.

मग आपल्या पार्किंगमध्ये टेप लावा

मुंबईच्या विकास नियमावलीत छोट्या गाडीच्या पार्किंगचं माप २.३ मीटर बाय ४.५ मीटर आहे, मोठ्या गाडीचं २.५ बाय ५.५. बिल्डरने तुम्हाला यातलं कुठलं दिलंय हे अनेकांना गाडी आल्यावर कळतं. पाच दारांच्या थार रॉक्सची लांबी ४,४२८ मिलिमीटर आहे. म्हणजे छोट्या चौकटीत ती गाडी अगदी टोकाला लावली तरी उरतात सात सेंटिमीटर. तीन दारांची थार ३,९८५ मिलिमीटरची, तिला अर्धा मीटर उरतो. बाजूला उघडणाऱ्या दाराला मात्र मागे जवळजवळ मीटरभर जागा हवी, आणि त्यावर स्टेपनी टांगलेली असेल तर थोडी जास्तच.

म्हणून गाडी नेहमीसारखी भिंतीकडे पाठ करून लावा आणि तीन मापं घ्या. बंपरपासून भिंतीपर्यंत किती. तिथे तुम्ही स्वतः आडवे का होईना, उभे राहू शकता का. आणि काच पूर्ण वर गेल्यावर वरचा पाइप, बीम किंवा स्टॅक पार्किंगची लोखंडी पाटी यांच्यापर्यंत किती जागा उरते. स्टिल्टमधल्या ड्रेनेजच्या पाइपवर आपटून खरचटलेली दारं प्रत्येक सोसायटीत दोन-तीन तरी असतात. काच दारापेक्षा आखूड, तिचा घेरही लहान, त्यामुळे जिथे पूर्ण दार पाइपला लागतं तिथे काच बहुधा सुटते. पण बहुधा. पहिल्यांदा उघडताना एका हाताने धरूनच वर सोडा, कारण गॅसचा शॉक, म्हणजे काच वर धरणारा दांडा, शेवटच्या टप्प्यात तिला झटक्याने ढकलतो.

भिंतीपासून फूटभर अंतर ठेवायला वॉचमनची परवानगी लागत असेल तर ती पहिल्याच आठवड्यात मिळवा. एकदा 'साहेबांची गाडी पुढे येते' असं वहीत गेलं की सेक्रेटरी ऐकत नाहीत.

उघडण्या-लावण्याची सवय

काचेचं बटण कुठे आहे ते शोधा: काही गाड्यांत किल्लीवर, काहींत नंबर प्लेटच्या वरच्या खाचेत किंवा वायपरच्या बुंध्याशी. मागचा वायपर चालू असताना काच उघडू नका. वायपर कुठे बसवलाय तेही बघून ठेवा, काचेवर असेल तर काच जड असते आणि लावताना हात नेमका त्याच्याच दांड्यावर पडतो. तो दांडा हँडल नव्हे.

लावताना आपटू नका. खाली आणा, लॉकच्या वरच तळवा ठेवा आणि दाबा, टक् आवाज येईपर्यंत. चारही खिडक्या बंद असल्या तर आत हवा कोंडते आणि काच परत उसळते, अशा वेळी पुढची एक खिडकी दोन बोटं खाली घ्या. काचेच्या मोकळ्या कडेवर कोपर टेकून गप्पा मारायच्या नाहीत, शॉकला पिशवी अडकवायची नाही, मुलांना लोंबकळू द्यायचं नाही.

किल्लीचं एक सांगतो. दारं लॉक असताना फक्त काच उघडायची सोय असेल, तर पर्स आत टाकून काच लावण्याआधी किल्ली हातात आहे का ते बघा. पर्समध्ये किल्ली, पर्स डिक्कीत, काच बंद आणि चारही दारं लॉक, अशी जोडी जमली की पुढचा तास गेला.

काय काचेतून, काय दारातून

इथे खरी गंमत आहे, आणि इथेच लोक चुकीची अपेक्षा ठेवतात. काच ही सामान भरायची जागा नाही. ती शेवटची वस्तू ठेवायची आणि पहिली वस्तू काढायची जागा आहे. तांदळाचं पोतं छातीएवढ्या उंचीवर उचलून आत टाकणं म्हणजे कंबरेचा सत्यानाश, ते दारातूनच जाणार. पण भरलेल्या डिक्कीतून वरची एकच पिशवी हवी असते तेव्हा दार उघडलं की काय होतं, हे प्रत्येकाने पाहिलंय: आधी कांदे उड्या मारतात, मग नारळ. काच उघडली तर दार धरणासारखं उभंच असतं.

सकाळी दादर स्टेशनजवळच्या फूलबाजारात जाऊन बघा. गाडी थांबवायला जेमतेम मिनिट मिळतं. मागे हातगाडी, तिच्यामागे टॅक्सी, टॅक्सीवाल्याचा हात हॉर्नवरच. दार उघडायचं तर हातगाडीवाल्याला मागे सरकवायला हवं, आणि तो सरकणार नाही. फुलवाली मात्र सरावलेली असते. "वहिनी, दार राहू द्या, काचच वर करा," म्हणत ती झेंडूच्या माळांचा भारा दोन्ही हातांवर आडवा घेऊन वरून आत सोडते. माळा डिक्कीतल्या सामानावर पसरतात, दबत नाहीत. वर शेवंतीची जुडी आणि केळीची पानं येतात. काच टक् करून लागते आणि टॅक्सीवाल्याचा दुसरा हॉर्न वाजायच्या आत गाडी पुढे. माळा पहिल्यांदा घेणाऱ्याने एक करावं: निघण्याआधी घरीच डिक्कीतल्या सामानावर जुनी चादर अंथरून ठेवावी. फुलांना मारलेलं पाणी खाली पाझरतंच.

माहीमच्या कंदील गल्लीतला आकाशकंदीलही असाच. वजन काही नाही, आकार मोठा, कडा नाजूक. दारातून ठेवला तर दार लावताना कुठलातरी कोन मोडतो. काचेतून वरून सोडला तर डोळ्यांसमोर बसतो. शिवाजी पार्कवरून येणाऱ्या मुलांच्या बॅटी, ओला रेनकोट, जेवणाचा डबा, ड्रायक्लीनरकडचे हँगरवरचे कपडे: या सगळ्यांना काच पुरते.

मासे मात्र नाही. भाऊच्या धक्क्यावरून आणलेली पिशवी काचेतून उंचावरून सोडली की बर्फाचं पाणी सीटच्या पाठीवर सांडलंच समजा. झाकणाचा डबा, आणि तो दाराने खाली. गणपतीची मूर्तीही काचेतून ठेवू नका. मूर्ती दोन हातांत सरळ धरून, खाली बघत ठेवायची असते. काचेच्या उंबऱ्यावरून वाकलं की हात लांबतात आणि नेमका तोल जातो. हारतुरे, मखराचे थर्माकोलऐवजी आणलेले पुठ्ठ्याचे तुकडे, हे खुशाल काचेतून.

मांडव्याला रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, जाणाऱ्यांनी हे वाचावंच. भाऊच्या धक्क्यावरून ही फेरी २०२० पासून चालू आहे. बोटीवर गाड्या इतक्या खेटून लावतात की मागच्या गाडीचं बोनेट आणि तुमचा बंपर यांत माणूस जेमतेम शिरतो. वर डेकवर गेल्यावर आठवतं, की टोपी आणि पाण्याची बाटली डिक्कीत आहे. तेव्हा काचच काय ती कामाची. त्यापेक्षा चांगली सवय म्हणजे डेकवर लागणाऱ्या वस्तूंची पिशवी सगळ्यात वर, काचेच्या लगत ठेवणं, कारण बोट सुटल्यावर खाली गाड्यांत फिरणं तिथल्या कर्मचाऱ्यांना आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

स्टेपनी मागच्या दारावर असलेल्या गाडीत एक अडचण राहते. काचेतून आत हात घालायला स्टेपनीवरून वाकावं लागतं आणि शर्टावर टायरचा काळा गोल उमटतो. उंची कमी असेल तर हात तळाशी पोचतच नाही. घरातली जी व्यक्ती सगळ्यात जास्त सामान काढते-ठेवते, तिलाच शोरूममध्ये घेऊन जा आणि हात घालून बघायला सांगा.

उन्हात तापलेल्या गाडीसाठीही ही काच चांगली. गरम हवा छताशी साठलेली असते. बसण्याआधी मागची काच आणि पुढची एक खिडकी मिनिटभर उघडी ठेवा, मग काच लावा आणि मग एसी. तापलेलं स्टिअरिंग तापलेलंच राहतं, पण एसीला निम्मं काम आयतं मिळतं.

काच उघडी ठेवून गाडी चालवायची नाही

हा भाग घाईत वाचू नका. गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर तिथेच घोटाळतो. मागची काच उघडी असेल तर तो आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि मागच्या सीटवरची मुलं झोपलीत असंच आपल्याला वाटतं. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तर स्वतःच्या धुरासोबत मागच्या टेम्पोचाही धूर असतो. गाडी उभी आहे पण इंजिन चालू आहे, तरीही हेच लागू. विशेषतः बंदिस्त बेसमेंटमध्ये.

नाइलाजाने, म्हणजे शॉक किंवा लॉक तुटून काच लागतच नसेल आणि गॅरेजपर्यंत जायचंच असेल, तर पुढच्या खिडक्या पूर्ण उघडा, एसीच्या पॅनेलवर बाहेरची हवा घेणारं बटण लावा, पंखा मोठा करा आणि जवळच्या जवळ गाठा. काच दोरीने बांधा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ती आपटेल.

'लांब पाइप काचेतून बाहेर काढून नेऊ' हा विचारही सोडा. लोहार चाळीतून पडद्याचा रॉड घेतला की हा मोह होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगीच्या मर्यादेपलीकडे बाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च तुमचाच. मागचा दुचाकीवाला त्या पाइपाच्या टोकाच्या बरोबर समोर असतो, ते वेगळंच. रॉड तिरका टाका, मागची एक सीट पाडा, दोन सीटांमधून पुढे न्या. तेवढ्यानेही मावला नाही तर टेम्पो सांगा.

पावसाळा आणि चोर

पावसात काचेचा फायदा इतकाच, की भोक लहान म्हणून भिजणं कमी. तिचं छप्पर होत नाही. आधी दोन बोटं उघडून क्षणभर थांबा, रबराच्या खाचेतलं पाणी ओघळू द्या, मग पूर्ण वर करा. काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या बारीक रेघा आतून काचेवर असतात. त्यांवर ब्लेड, खरखरीत स्क्रबर किंवा स्टिकर नको.

काचेतून आतलं सामान दिसतं हा या सोयीचा तोटा. काळी फिल्म लावून झाकू म्हणाल, तर नियम असा की पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. त्यापेक्षा डिक्की झाकणारा पार्सल ट्रे किंवा गुंडाळता येणारं कापडी आवरण वापरा. आणि गाडी सुरू झाली की सेंट्रल लॉक दाबायची सवय लावा. दारं अनलॉक असताना बाहेरच्या बटणाने काच कुणालाही उघडता येऊ शकते. सिग्नलला मागून लॅपटॉपची बॅग गेली तर पुढे बसलेल्याला पत्ताही लागत नाही. काच अर्धवट लागली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो का, हे एकदा सोसायटीच्या आवारातच तपासून घ्या.

जुनी गाडी घेत असाल तर

आधी हिशेब. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर आरटीओत पुनर्नोंदणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. दुसऱ्या पिढीची सीआर-व्ही किंवा पहिली टूसॉन घेताना हे होणारच, तो खर्च किमतीत धरा.

मग काच तपासा. मालकाला पाण्याचा पाइप मागा आणि बंद काचेच्या चारही कडांवर पाच मिनिटं पाणी सोडा. वर सोडून चालत नाही, खालच्या कोपऱ्यांतच गळती असते. नंतर डिक्कीतली कार्पेट उचलून तळाला कोरडा कागद लावा. स्टेपनीच्या खळग्यात गंज असेल तर पाणी आजचं नाही, कित्येक पावसाळ्यांचं आहे. बिजागरीजवळ डिफॉगरची आणि वायपरची वायर वळते, ती वारंवार उघडझाक होऊन आतून तुटते, म्हणून दोन्ही चालू करून बघा.

रबराला वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. व्हॅसलीन किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं. समुद्राकाठी राहत असाल, वरळी असो की वर्सोवा, तर लॉकच्या खाचेतली खारट धूळही टूथब्रशने काढत जा.

काच वर केल्यावर हळूहळू खाली यायला लागली की शॉक संपले. काठी लावून दिवस काढू नका, ती डोक्यात बसते. दोन्ही बाजूंचे शॉक एकदमच बदला. नवा आणि जुना एकत्र बसवला की काच एका बाजूने पिळवटते. जुन्या मॉडेलचा शॉक मिळत नसेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना शॉक नमुन्याला घेऊन जा. लांबी, जाडी आणि दोन्ही टोकांच्या वाट्या जुळवा, आणि अंगावर जोराचा न्यूटनमधला आकडा छापलेला असेल तर तोही. दुकानदार 'सगळ्यांना हाच चालतो' म्हणाला तरी जास्त जोराचा घेऊ नका, काच बिजागरीतून ताणली जाते. बसवताना काच धरायला दुसरा माणूस हवाच, कारण जुना शॉक निघाल्याक्षणी तिचं सगळं वजन खाली येतं.